बिघाडाचा माग

१८९८ साली न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनात निकोला टेस्ला या संशोधकाने एक लहानशी नौका पाण्यात सोडली. तीत कोणी नावाडी नव्हता आणि काठावरून तिला एखादी तारही जोडलेली नव्हती. तरीही टेस्लाच्या हातातील नियंत्रकाच्या आज्ञेप्रमाणे ती चाले, वळे आणि आपले दिवे लावी. बिनतारी लहरींनी दुरून यंत्र चालविण्याचा तो आरंभीचा आणि सर्वांत गाजलेला प्रयोग होय.

त्या नौकेनंतर दूरनियंत्रित यंत्रांचा मोठा परिवार निर्माण झाला. बिनतारी आज्ञेने धावणारा छोटा ट्रक हा त्या परिवारातलाच एक. त्याला खेळणे म्हणतात खरे; परंतु त्यातील काही ट्रक खेळण्याच्या कल्पनेपलीकडचे आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ट्रॅक्सस या कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या एक्स-मॅक्स या ट्रकचे वजन आठ किलोग्रॅमहून अधिक असून त्याच्या शक्तिमान आवृत्तीचा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. एवढे वजन आणि एवढा वेग एकत्र आले, की त्याच्या लहानशा दातेरी चक्रांवर पडणारा ताणही मोठा असतो. मग एखाद्या दिवशी मोटार गुणगुणत राहते आणि चाके मात्र जागची हलत नाहीत. अशा वेळी बिघाड नेमका कोठे झाला, हे कसे ओळखावे?

त्यासाठी मोटारीची शक्ती कोणत्या वाटेने चाकापर्यंत जाते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. बॅटरीतील वीज वेगनियंत्रकातून मोटारीला मिळते. मोटारीच्या दांड्यावर पिनियन नावाचे लहान दातेरी चक्र बसविलेले असते. ते स्पर गिअर नावाच्या मोठ्या चक्राला फिरवते. स्परची गती गिअरपेटीतून मधल्या लांब दांड्यांना, म्हणजे प्रोपेलर शाफ्टना मिळते. त्यांपैकी एक दांडा पुढे जातो व दुसरा मागे. प्रत्येक दांड्याच्या टोकाला डिफरन्शियल असते. त्यातील क्राऊन आणि पिनियन ही जोडी गतीची दिशा काटकोनात वळविते. तेथून दोन बाजूंना दोन आखूड दांडे निघतात आणि ते चाकांना फिरवितात. या आखूड दांड्यांना हाफ शाफ्ट म्हणतात.

या वाटेवर वेग कमी होत जातो आणि फिरविण्याचा जोर वाढत जातो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. लिथियम-पॉलिमर जातीचे आठ घट एकापुढे एक जोडले, तर प्रत्येकी ३.७ व्होल्टप्रमाणे २९.६ व्होल्ट दाब मिळतो. दर व्होल्टला मिनिटाला १,००० फेरे घेणारी मोटार त्यावर भाराविना मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेईल. समजा, मोटारीच्या पिनियनला २० दात आणि स्परला ५० दात आहेत. स्पर पिनियनच्या अडीचपट कमी वेगाने फिरेल. पुढे गिअरपेटीत वेग निम्मा होतो आणि डिफरन्शियलमध्ये एकतृतीयांश होतो, असे धरले, तर अडीच, दोन आणि तीन यांचा गुणाकार पंधरा होतो. म्हणजे चाक मिनिटाला २,००० फेरे घेईल. त्याचा व्यास २० सेंटिमीटर असल्यास वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर होईल. वेग पंधरापट घटला. परंतु घर्षणातील थोडी हानी वगळता चाकाला मिळणारा पीळ पंधरापट वाढला. ट्रकला उंचवट्यांवरून उडविणारा हा जोर प्रसंगी त्याचे दांडे पिळून तोडतो.

बहुतेक मोडतोड नुसत्या वेगाने होत नाही. ती धक्क्याने होते. ट्रक उंचवट्यावरून हवेत झेपावला आणि चालकाने वेगाची कळ दाबलेलीच ठेवली, म्हणजे चाकांना जमिनीचा विरोध उरत नाही आणि ती बेफाम फिरू लागतात. पुढच्याच क्षणी ट्रक जमिनीवर आदळतो. जमीन चाकांना एकाएकी आवरते. परंतु मोटार मात्र हजारो फेऱ्यांच्या वेगात असते. एका टोकाला अडलेले चाक आणि दुसऱ्या टोकाला धावणारी मोटार अशा ओढाताणीत वाटेवरचा सर्वांत दुबळा भाग बळी पडतो. हा धक्का सोसण्यासाठी अनेक ट्रकांत स्परजवळ घसरता क्लच बसविलेला असतो. ताण हाताबाहेर गेला, की तो किंचित घसरतो आणि दातांना वाचवितो. तो अतिशय घट्ट केला, तर वाचविण्याचे काम करीत नाही. फार सैल ठेवला, तर सतत घसरून तापतो.

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू या. तपासाचा पहिला नियम सुरक्षिततेचा आहे. बॅटरी काढून ठेवावी आणि ट्रक एखाद्या ठोकळ्यावर असा ठेवावा, की चारही चाके अधांतरी राहतील. जोडलेल्या बॅटरीमुळे मोटार अवचित फिरली, तर बोटाला गंभीर इजा होऊ शकते. दुसरा नियम असा, की स्क्रू काढण्यापूर्वी विचारपूस करावी. बिघाड उडी मारल्यावर झाला की उभ्या जागेवरून एकदम वेग दिल्यावर? आवाज एकदाच ‘कडाड्’ असा झाला, की काही दिवसांपासून घरघर ऐकू येत होती? एकदाच झालेला मोठा आवाज धक्क्याने काही तुटल्याचे सुचवितो. दिवसेंदिवस वाढणारी घरघर झिजेकडे बोट दाखविते.

मोटारच फिरत नसेल, तर बिघाड बहुधा विजेच्या बाजूचा असतो. मोटार फिरते आणि एकही चाक फिरत नाही, असे असेल तर शोध आरंभीच्या भागात घ्यावा. मोटारीच्या पिनियनचा स्क्रू सैल होऊन ते दांड्यावर नुसतेच फिरत असेल, स्परचे दात उडाले असतील किंवा क्लच घसरत असेल. केवळ पुढची वा केवळ मागची चाके फिरत नसतील, तर पिनियन, स्पर आणि क्लच निर्दोष आहेत, असे धरावयास हरकत नाही. मग स्पर हाताने सावकाश फिरवावा आणि त्या बाजूच्या प्रोपेलर शाफ्टकडे पाहावे. शाफ्ट फिरत नसल्यास दोष त्याच्या अलीकडे अथवा त्याच्या सांध्यात आहे. शाफ्ट फिरतो आणि चाके मात्र स्थिर राहतात, असे असल्यास दोष त्याच्या पलीकडे आहे. शक्ती येथपर्यंत पोहोचली काय, एवढा एकच प्रश्न वाटेच्या मध्यावर विचारला, म्हणजे अर्धी वाट संशयातून मुक्त होते.

डिफरन्शियलची परीक्षा थोडी वेगळी आहे. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देण्याची सोय त्यात असते. स्पर हाताने घट्ट धरून एक चाक पुढे फिरविले, तर दुसरे उलट दिशेने फिरले पाहिजे. ते फिरले नाही, तर आतील लहान गिअर तरी मोडले आहेत, हाफ शाफ्ट तरी तुटला आहे, किंवा चाकाच्या तुंब्यातील आडवी पिन तरी पडली आहे. त्यानंतर स्पर तसाच धरून दोन्ही चाके एकाच दिशेने फिरविण्याचा प्रयत्न करावा. निरोगी ट्रकमध्ये ती फिरणार नाहीत. ती करकरत फिरू लागली, तर क्राऊन आणि पिनियन यांचे दात एकमेकांवरून उड्या मारीत आहेत, असे समजावे. मात्र स्परजवळचा क्लच घसरत नाही, याची खात्री आधी केलेली असावी.

एखादाच दात तुटला असेल, तर ट्रक चालत राहतो. परंतु ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज येतो. येथे अंकगणित कामी पडते. दोन्ही बाजूंची चाके बरोबरीने एक फेरा पूर्ण करीपर्यंत सावकाश फिरवावीत आणि ठोके मोजावेत. वरील उदाहरणातील ट्रकमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात क्राऊन एकदा, क्राऊनचे पिनियन तीन वेळा, स्पर सहा वेळा आणि मोटारीचे पिनियन पंधरा वेळा फिरते. म्हणून एका फेऱ्यात एकच ठोका ऐकू आला, तर क्राऊनवर संशय घ्यावा. तीन ठोके आले, तर क्राऊनच्या पिनियनवर. सहा आले, तर स्परवर. या परीक्षेत एक फसगत संभवते. मोटारीतील चुंबकांमुळेही हाताला हलकेसे अडखळणे जाणवते. ते मऊ आणि एकसारखे असते, तर तुटक्या दाताचा ठोका टणक आणि तीक्ष्ण असतो. शंका राहिल्यास मोटार बाजूला सरकवून पुन्हा पाहावे. चुंबकांचे अडखळणे तेव्हा नाहीसे होते.

इतके झाल्यावरच यंत्र उघडावे. स्क्रू ज्या क्रमाने काढले, त्याच क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडून ठेवावेत. गिअरचे दात नीट पाहिले, म्हणजे पुष्कळ काही सांगतात. सर्व दात सारखेच झिजलेले दिसले, तर वाळू वा धूळ आत शिरत होती. दातांची केवळ टोकेच झिजली असतील, तर दोन्ही चक्रे एकमेकांपासून दूर राहिली होती. दाताची एकच कड खराब झाली असेल, तर चक्रे तिरपी बसली होती. आणि एकाच जागचे चार-पाच दात उडून बाकीचे कोरे करकरीत असतील, तर तो एका क्षणाच्या धक्क्याचा प्रताप होय. डिफरन्शियलच्या बाहेर तेलाचा ओलावा दिसल्यास आतील तेल गळून गेले आहे, हेही ध्यानात घ्यावे.

याच टप्प्यावर पुष्कळांची चूक होते. समजा, एखाद्या मुलाच्या ट्रकच्या स्परचे दात उडाले. पैसे साठवून त्याने नवा स्पर आणला आणि मोठ्या हौसेने बसविला. दुसऱ्याच दिवशी नव्या स्परचेही दात उडाले. मुलाला वाटले, की दुकानदाराने हलका माल दिला. परंतु खरा दोष स्परमध्ये नव्हताच. मोटार ज्या पट्टीवर बसविली होती, तिचा एक स्क्रू सैल झाला होता. जोर आला, की मोटार केसभर मागे सरके, पिनियन स्परपासून दूर जाई आणि दातांची केवळ टोके एकमेकांत अडकत. सारा भार त्या टोकांवर पडे आणि ती उडत. स्पर कितीही वेळा बदलला असता, तरी हे चालूच राहिले असते. यालाच ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असे म्हणतात.

बेअरिंगचेही असेच आहे. दांड्याला आधार देणारे बेअरिंग झिजले, की दांडा डुलू लागतो, चक्रांतील अंतर बदलते आणि निर्दोष गिअर मोडतात. बेअरिंग जाम झाले, तर मोटारीवर ओझे पडते आणि वेगनियंत्रक तापून ट्रक वारंवार बंद पडतो. पाहणाऱ्याला तो विजेचा दोष वाटतो. मूळ मात्र एका लहानशा पोलादी कड्यात असते. म्हणून मोडका गिअर काढल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगे बोटावर फिरवून पाहावीत. खरखर लागली, तर तीही बदलावीत. तुटलेल्या दातांचे कण जुन्या ग्रीसमध्ये राहिले, तर तेच नव्या दातांना खातात. यास्तव पेटी स्वच्छ धुऊन नवे वंगण भरावे. मोटारीचे पिनियन आणि स्पर जुळविताना दोहोंच्या दातांमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून मोटारीचे स्क्रू आवळावेत आणि मग पट्टी काढून घ्यावी. तिच्या जाडीइतकी किंचित मोकळीक दातांना पुरते. स्पर एक पूर्ण फेरा फिरवून ती मोकळीक सर्वत्र सारखी आहे, याची खात्री करावी. धातूत बसणारे स्क्रू कंपनाने सुटू नयेत, म्हणून त्यांना आटे धरून ठेवणारा चिकट द्रव लावतात.

दुरुस्तीनंतर ट्रक लगेच भरधाव सोडू नये. प्रथम तो अधांतरी ठेवून मंद गतीने चालवावा, कान देऊन ऐकावे, नंतर सपाट जमिनीवर हळूहळू फिरवावा. पुढील मोडतोड टाळणे बरेचसे चालकाच्या बोटावर अवलंबून असते. ट्रक हवेत असताना वेगाची कळ सोडणे, पुढे धावत असता एकदम उलट वेग न देणे आणि दगडात चाक अडकले असता जोर न लावणे, एवढी पथ्ये पाळली, तर तीच चक्रे कितीतरी अधिक काळ टिकतात.

रस्त्यावरून धावणाऱ्या मोठ्या मालमोटारींतही क्लच, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि बेअरिंग यांचीच साखळी असते. म्हणून या छोट्या ट्रकचा बिघाड नीट शोधणारा मुलगा एक मोठी विद्या शिकत असतो. काय मोडले, हे पाहावयास डोळे पुरतात. ते का मोडले, हे कळण्यास धीर, निरीक्षण आणि विचार यांची जोड लागते. ज्याला हे ‘का’ सापडले, त्याची दुरुस्ती टिकते.