पायाखालची फरशी

बँकेत असताना तपासणीच्या निमित्ताने जळगाव-धुळ्याच्या लॉजमध्ये माझ्या कितीतरी रात्री गेल्या. खानदेशचा मे महिना, पारा ४४ च्या घरात. धुळ्याच्या एका जुन्या लॉजमध्ये शहाबादी फरशी होती. संध्याकाळी पोऱ्या बादलीभर पाणी मारून जाई आणि मी गादी खाली ओढून फरशीवरच झोपे. दगड आणि त्याचे सांधे थोडे पाणी धरून ठेवतात. ते उडून जाताना उष्णताही घेऊन जाते. माठाचाच न्याय! शिवाय पॉलिश न केलेल्या दगडावर ओला पायही ठरतो.

गेल्या वर्षी नातवंडांना अजिंठा दाखवायला निघालो. लेणी तिथून साठेक किलोमीटर, म्हणून मुक्काम जळगावला. हॉटेल नवे, व्हिट्रिफाइड टाइल्स अशा चकचकीत की त्यात पाहून भांग पाडावा. ही टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. डाग धरत नाही, पोछा मारला की झाले. मालकाची सोय मी नाकारत नाही. पण सांडलेले पाणी वरच राहते. पहाटे न्हाणीतून बाहेर येताना हिचा पाय सरकला आणि मनगट मोडले. अजिंठा राहिला.

व्यवस्थापक भला माणूस. त्यानेच रिक्षा आणली. म्हणाला, "काका, गिऱ्हाईक आधी चमक पाहतं."

खोटे नव्हते. मीही पंखा, चादर, गरम पाणी एवढेच पाहिले होते. आता न्हाणीच्या दाराशी ओल्या पायाने उभा राहून बघतो, मगच रजिस्टरवर सही करतो. ही म्हणते, "तपासणी अजून चालूच आहे वाटतं!"