लिंबू, बर्फ आणि उसाचा विकर

नगरजवळच्या भिंगारच्या मे महिन्यातल्या उन्हात रसवंतीची घुंगरं वाजली की पाय आपोआप तिकडे वळतात. चरकातून पडणारा रस पोपटी-पिवळा असतो. बिनलिंबाचा, बिनबर्फाचा एक पेला नुसता ठेवून बघा. थोड्याच वेळात तो मातकट होतो, मग काळपट. रस नासला म्हणावं, तर इतक्या लवकर नासत नाही. ही करामत उसातल्याच एका विकराची, म्हणजे एन्झाइमची.

पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे त्याचं नाव. उभ्या उसात तो आणि त्याचं खाद्य असलेले फिनॉल पेशीतल्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चरक ते कप्पे फोडतो, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग चढू लागतो.

तापमान 10 अंशांनी उतरलं की विकराचा वेग साधारण निम्मा होतो. म्हणजे 40 अंशांचा रस बर्फाने 10 वर आणला, तर वेग ढोबळमानाने आठव्या हिश्श्यावर! लिंबाची तऱ्हा निराळी. रसाचा पीएच मुळात 5 च्या आसपास. लिंबाने तो आणखी उतरतो, विकरावरचे विद्युतभार बदलतात आणि तांब्याचे अणू असलेली त्याची कामाची जागा नीट चालेनाशी होते. बर्फ वितळून रस कोमट झाला की विकर पुन्हा कामाला लागतो. गुळाच्या काहिलीत मात्र त्याची घडीच विस्कटते, उकडलेल्या अंड्यासारखी. मग कितीही गार करा, तो परतत नाही.

नगर जिल्ह्याला खरा घोर आहे तो उसातल्या दुसऱ्या विकराचा, इन्व्हर्टेजचा. ऊस तुटला की तो साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतो. रसवंतीवाल्याचं यात काही बिघडत नाही, फ्रुक्टोज तर साखरेहून गोड. कारखान्याचा मात्र उतारा घटतो, कारण फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत. उन्हाळ्यात फडात पडलेल्या उसात हे आणखी झपाट्याने होतं. 1950 साली सुरू झालेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून पुढचे सगळे तोडणी आणि गाळप यांतलं अंतर कमी करायला धडपडत आले ते यासाठीच. रस निघाल्यावर चुना घालून आम्लता मारायची आणि तो चांगला तापवायचा, हीही त्याच शत्रूवरची चाल.

गंमत म्हणजे विकरांचं गणित बसलं तेही इन्व्हर्टेजवरच. 1913 मध्ये बर्लिनला मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी यीस्टमधला इन्व्हर्टेज घेतला. त्याचा वेग साखरेच्या प्रमाणानुसार कसा बदलतो, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्यांनी तापमान 25 अंशांवर बांधलं आणि आम्लताही हलू दिली नाही. आधीच्या बऱ्याच जणांचे आकडे जुळत नव्हते, कारण आम्लतेकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं.