कानातला बिल्ला कुणाच्या कामाचा?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, कोसबाडच्या टेकडीच्या उतारावर चरणारी गुरे जवळून पाहिली, तर पुष्कळांच्या कानात एक पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला दिसतो. त्यावर बारा आकडे छापलेले असतात आणि सोबत बारीक उभ्या रेघांची पट्टी असते. माणसाला जसे ‘आधार’, तसे हे गुराचे आधार. घरच्यांसाठी गाय ढवळी असो की तांबडी, सरकारदरबारी तिची ओळख म्हणजे हे बारा आकडे.

दिसायला ही केवढीशी गोष्ट! पण या केवढ्याशा बिल्ल्यावरून आज जगभर वाद चालू आहे. रोगराई आवरायची असेल तर प्रत्येक जनावराला क्रमांक हवाच, असे एक बाजू म्हणते. हा क्रमांक म्हणजे लहान पशुपालकाच्या गोठ्यात शिरलेला सरकारी हात आहे, असे दुसरी बाजू म्हणते. भातशेतीसाठी दोन बैल, दारात एखादी गाय आणि अडीनडीला विकायला चार शेळ्या एवढेच ज्याचे पशुधन, त्या आपल्याकडच्या आदिवासी शेतकऱ्याच्या अंगणातून हा वाद कसा दिसतो?

खूण जुनी, वही नवी

गुरांवर खूण करणे ही काही संगणकयुगाची कल्पना नव्हे. पाणिनीच्या व्याकरणात गुरांच्या कानांवरच्या खुणांसाठी एक स्वतंत्र सूत्र आहे. स्वस्तिक, यज्ञातली पळी, पाचाचा आकडा, आठाचा आकडा, कानाला पाडलेले भोक अशा खुणांची त्यात यादीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला गोऽध्यक्ष प्रत्येक जनावराची खूण, रंग आणि शिंगांची ठेवण वहीत नोंदवून घेतो. महाभारतात दुर्योधन वनवासी पांडवांना हिणवायला द्वैतवनात जातो, तेही गुरांची मोजदाद आणि वासरांना खुणा करण्याचे निमित्त सांगून.

म्हणजे खूण जुनीच. नवी आहे ती तिच्यामागची वही. पूर्वीची खूण वाचायला गावचा गुराखी पुरेसा होता. आजची खूण वाचायला मोबाइल लागतो, त्यात सरकारी ॲप लागते आणि ते उघडण्याचा अधिकार लागतो. बिल्ल्यावरचा क्रमांक हा खरे म्हणजे एका दूरच्या संगणकातल्या पानाचा पत्ता आहे. मालक कोण, जनावराचे वय काय, लस कधी टोचली, गाय कधी फळली, ती कुणाला विकली, हे सारे त्या पानावर असते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने उभारलेल्या ‘इनाफ’ या प्रणालीत अशा नोंदी सुरू झाल्या. पुढे त्यांची जागा ‘भारत पशुधन’ प्रणालीने घेतली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या बिल्ल्यामुळे गाय कुठे चरते आहे हे दिल्लीत बसून कळते, असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. आपल्याकडे सर्रास दिसणारा बिल्ला साधा प्लॅस्टिकचा आहे, त्यात यंत्र नाही. परदेशात जो इलेक्ट्रॉनिक बिल्ला वापरतात, त्याच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक बारीक चिप असते. तिला बॅटरी नसते. वाचणारे यंत्र जवळ नेले की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते. हे घडते फार तर हात-दोन हात अंतरावर. गुराचा ठावठिकाणा सांगणारे गळपट्टे वेगळे असतात आणि महागही असतात.

साथ आली की

मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर साथीच्या रोगांत आहे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूताची साथ आली. रोग लक्षात येईपर्यंत मेंढ्या बाजारांतून देशभर पोहोचल्या होत्या. गाईंना तिथे १९९६ पासून पासपोर्ट होते, कारण ‘मॅड काऊ’ रोगाने हात पोळले होते. पण मेंढीला स्वतःचा असा क्रमांक नव्हता. कोणती कुठून आली आणि कुठे गेली हे शोधणे महाकठीण झाले. साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

आपल्याला इतके दूर जायची गरज नाही. २०२२ मध्ये लम्पी आला. ऑगस्टमध्ये जळगावकडे पहिली जनावरे आजारी पडली आणि सप्टेंबरात साऱ्या राज्यात गुरांच्या वाहतुकीवर निर्बंध आले. तलासरीसारख्या तालुक्याला हे अधिक जाणवते. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला दादरा-नगर हवेली, मधून अहमदाबादचा महामार्ग. माणसांच्या सोयरिकी जशा सीमेपलीकडे, तसे गुरांचे व्यवहारही. रोगाला सीमेवरचा नाका दिसत नाही. लम्पीने दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये सरकारने देऊ केले. अशा वेळी मेलेली गाय कुणाची, तिला लस दिली होती का, याचा पुरावा लागतो. तो पुरावा बिल्ल्यापाशी मिळतो, हे मान्य केलेच पाहिजे.

लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध केंद्र सरकारने २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम हाती घेतला. लसीसोबत कानात बिल्ला, हा त्याचा भाग. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. त्यावर्षीच्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैलच १९ कोटींच्या वर. कुणाला टोचली आणि कुणाची राहिली, हे आठवणीवर सोडता येत नाही.

वाद कुठे आहे?

वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. अमेरिकेत २००३ च्या डिसेंबरात ‘मॅड काऊ’ची पहिली गाय सापडली आणि सरकारने साऱ्या देशातल्या जनावरांना क्रमांक देण्याची योजना पुढे रेटली. लहान शेतकरी खवळले. एकत्र वाढणाऱ्या, एकत्रच विकल्या जाणाऱ्या मोठ्या कळपाला एकच सामाईक क्रमांक पुरणार होता. परसात पाच जनावरे पाळणाऱ्याला मात्र पाचही बिल्ले घ्यावे लागणार होते. आधुनिक यंत्रांपासून दूर राहणाऱ्या आमिश पंथाच्या शेतकऱ्यांना तर ते धर्मबाह्य वाटले. २०१० मध्ये सरकारने ती योजना गुंडाळली. नंतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या जनावरांपुरतीच सक्ती आली आणि त्यांतल्या ठरावीक गाई-बैलांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरपासून इलेक्ट्रॉनिक बिल्ला आला. ऑस्ट्रेलियाने गाईगुरांसाठी तो २००५ पासूनच देशभर लागू केला आहे. पण तिथला माल परदेशी जातो, ग्राहकाला गोठ्यापर्यंतचा माग हवा असतो आणि त्याचे पैसे तो मोजतो.

कोसबाडच्या बैलाचा माग कोण विकत घेणार? तो चिखलणी करतो आणि शेणखत देतो. त्याचा व्यवहार भाताच्या शेतात सुरू होतो आणि तिथेच संपतो.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये दोन गोष्टी झाल्या. गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळाले, पण गाईच्या कानात बिल्ला आणि त्याची नोंद असेल तरच. दुसरी गोष्ट अधिक मोठी. बिल्ला नसलेल्या जनावराची १ जूनपासून खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, असा आदेश निघाला. वीज, पूर किंवा वन्य प्राण्याचा हल्ला यांत जनावर गेले तर भरपाई नाही आणि सरकारी दवाखान्यात उपचारही नाहीत, असेही त्यात होते.

बाजाराची अट समजू शकते. साथ बाजारातूनच पसरते. उपचाराची अट मात्र समजत नाही. बिल्ला नसलेली आजारी गाय हीच डॉक्टरने सर्वांत आधी पाहायला हवी. कारण तिला लसही मिळालेली नसण्याची शक्यता मोठी. तिला दारातून परत पाठवणे म्हणजे रोगालाच पाड्यावर परत पाठवणे. तिथेच तपासावे, तिथेच टोचावे आणि तिथेच बिल्ला लावावा. आदेश एवढा बदलला तरी निम्मा वाद मिटेल.

भरपाईचेही तसेच. डहाणूच्या जंगलपट्टीत बिबट्या आहे. इथला आदिवासी वाघबारशीला वाघोबाची पूजा करतो. ज्या तिथीला आपण वसुबारस म्हणून गाय-वासरू पूजतो, त्याच तिथीला तो गुरे खाणाऱ्या देवालाही नैवेद्य दाखवतो. वाघाला आपला वाटा आहे, हे त्याला मान्य आहे. पण झुडपात अडकून बिल्ला तुटला, पावसाळ्यात कानाला जखम होऊन तो गळून पडला आणि त्याच आठवड्यात बिबट्याने गाय नेली, तर तिचे मोल शून्य कसे होते?

आणखी एक अडचण. भात झोडून झाले की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा गुजरातेत मजुरीला जातात. लस घेऊन येणारा माणूस त्या दिवसांत आला तर दाराला कडी. मोबाइलवर आलेला संदेश दुसऱ्याच गावी वाजतो. विकलेले जनावर नव्या मालकाच्या नावे चढले नाही, तर ते पुढे कुठे मोकाट सापडले की बोट पहिल्याच मालकाकडे. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही आणि सोडून दिला तर कानातला क्रमांक घरी येतो. कोंडवाड्याचा दंड भरत आलेल्या माणसाला सरकारी नोंदीची भीती का वाटते, ते यावरून कळावे.

गवत इथले, लाभ तिथला

या भागाला गुरांच्या नावाने आलेल्या योजनांचा अनुभव आहे. इथले गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना जायचे. त्या गवतकापणीच्या मजुरीसाठी १९४५ मध्ये वारल्यांना संप करावा लागला, गोळ्या झेलाव्या लागल्या. पुढे मुंबईचे तबेले हलवायचे म्हणून महामार्गालगत दापचरीला दुग्धप्रकल्प आला. जमिनी आदिवासींच्या गेल्या, कुर्झ्याचे धरण झाले आणि प्रकल्प अखेर बंद पडला. दोन्ही वेळा चारा आणि जमीन इथली होती, लाभाचा हिशेब दुसरीकडे लिहिला गेला. कानातल्या बिल्ल्याकडे पाहताना इथला माणूस विचारणारच, या वहीत आमच्या नावावर काय जमा होणार?

याच टेकडीवर या प्रश्नाचे एक जुने उत्तरही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडला आल्या, तेव्हा वारल्यांची मुले शाळेत येईनात. ती गुरे राखायला जात. हजेरीपटावर नाव नाही म्हणून दंड करावा, असे या दोघींना सुचले नाही. त्यांनी शाळाच उचलून कुरणात नेली. गुरे चरत राहिली आणि मुले झाडाखाली शिकू लागली. ‘कुरणशाळा’ हा शब्द तिथून मराठीत आला.

बिल्ल्याच्या बाबतीत हेच करायला काय हरकत आहे? दवाखान्याने कुरणात जावे. लसीची फेरी पावसाआधी, माणसे घरी असताना, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. तुटलेला बिल्ला विनामूल्य आणि विनाचौकशी बदलून मिळावा. जुनी नोंद नव्या क्रमांकाला जोडली जावी. संगणकात जे लिहिले आहे तेच मराठीत छापलेल्या एका कार्डावर मालकाच्या हाती असावे. पाड्यावरच्याच बाईला पशुसखी म्हणून शिकवून नोंदीचे काम द्यावे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, इथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत. गावच्या गुरांची यादी वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचली गेली, तर चुका तिथेच दुरुस्त होतील आणि आपली नोंद कोण पाहतो हेही लोकांना कळेल.

बुळकांडी रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाला. तेव्हा गुरांना बारा आकडी क्रमांक नव्हते. गावोगाव लस टोचत फिरणारी आणि आजारी जनावर शोधत हिंडणारी माणसे होती. आता क्रमांकही आहे, ही चांगलीच गोष्ट. त्यामुळे त्या माणसांचे काम सोपे होईल. पण त्यांच्या जागी बिल्ला उभा राहू शकणार नाही.

कोसबाडच्या उतारावर एखादी गाय आजारी पडली आणि तिच्या कानातला क्रमांक वाचून त्याच दिवशी डॉक्टर तिथे पोहोचला, तर बिल्ल्याच्या बाजूने कुणाला भाषण करावे लागणार नाही. ज्याच्या गाईला बिल्ला नाही, तो स्वतःच गाय घेऊन येईल.