दुखत नसतानाच दाखवा

रात्रभर दाढ ठणकत असते, लवंगेचं तेल लावूनही रडं थांबत नाही आणि सकाळी गाल सुजलेला दिसतो. मग मुलाला उचलून दातांच्या दवाखान्यात नेलं जातं. अनेक घरांत मुलाची या दवाखान्याशी पहिली गाठ पडते ती अशी. मूल झोपलेलं नसतं, आईबाप धास्तावलेले असतात, खुर्ची अनोळखी, दिवा थेट तोंडावर, आणि त्यात इंजेक्शन. पुढे आपण सांगत सुटतो, की आमचा मुलगा दातांच्या डॉक्टरला फार घाबरतो. जणू ही भीती तो जन्मतःच घेऊन आला होता. ती आलेली असते क्रमामुळे. आधी दुखणं आणि मग डॉक्टर, या क्रमाने ओळख झाली की मुलाच्या मनात दोन्हींची मोट बांधली जाते. हा क्रम उलटा करणं पालकांच्या हातात आहे.

मानसशास्त्रात याला आधार आहे. एखाद्या जागी आधी चारदोनदा साधे, बिनदुखण्याचे अनुभव आले असतील, तर नंतर कधी तिथे दुखलं तरी ती जागा भीतीची होऊन बसत नाही. याला ‘सुप्त अवरोध’ म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये दातांच्या भीतीबाबत हेच तपासलं. उपचारात दुखूनही ज्यांना भीती बसली नव्हती, त्यांच्या गाठीशी त्याआधीच्या बिनदुखण्याच्या भेटी अधिक होत्या. हा पुरावा लोकांच्या आठवणींवर उभा आहे आणि काही मुलं मुळातच बुजरी असतात, हे मान्य करायला हवं. तरीही दिशा स्पष्ट आहे. पहिला दात आल्यावर, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला दंतवैद्याला दाखवावं, अशी अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या अकादमीची शिफारस आहे. तीही या विचाराशी जुळते.

वर्षाच्या बाळाचं तिथे करायचं काय, असं कुणीही विचारेल. बाळाला त्या मोठ्या खुर्चीत बसावंसुद्धा लागत नाही. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर असतं. त्याला हलकेच मागे झुकवलं की डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येतं आणि नजर आईच्या चेहऱ्यावरच राहते. दोन-तीन मिनिटांत दात, हिरड्या, जीभ पाहून होतं. थोड्या मोठ्या मुलांसाठी हॅरल्ड ॲडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत आजही वापरतात. फिरणाऱ्या ब्रशला आधी नाव द्यायचं, मग तो मुलाच्या नखावर फिरवून गुदगुल्या करायच्या आणि त्यानंतरच दातावर न्यायचा. शब्दही जपून वापरायचे. ‘अजिबात दुखणार नाही हं’ हे आपल्याला धीराचं वाटतं. मुलाच्या कानात मात्र ‘दुखणार’ एवढंच उरतं. त्याऐवजी ‘डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: दुधाचे दात, पडणारच आहेत; त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पण वीस दुधाच्या दातांपैकी समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, तर दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. तोवर चावणं त्यांच्यावर, आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखणंही त्यांच्यावरच. शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नसल्याने तीही दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. ‘पडणारच आहेत’ हा समज त्याला हातभारच लावतो.

दुसरा आक्षेप रोखठोक असतो: रडेल दोन मिनिटं, धरून ठेवा आणि उरकून टाका. पू झाला असेल किंवा दात मोडला असेल, तर थांबून चालत नाही, हे खरं. पण प्रत्येक कीड अशी नसते आणि लवकर सापडली तर पर्यायही असतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण नुसतं लावूनही बऱ्याचदा कीड थोपवता येते. भाग काळा पडतो, ही त्याची किंमत. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत योग्य दाढेवर, ड्रिल न चालवता, स्टीलची टोपी बसवतात. हे मार्ग ठणका लागण्याआधी येणाऱ्याला खुले असतात. राहिला खर्चाचा आणि अंतराचा प्रश्न. तालुक्याला बालदंतवैद्य नसेल, तर नेहमीचे दंतवैद्यही पहिली तपासणी करू शकतात. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांच्या आरोग्य तपासणीत किडलेले दातही पाहायचे असतात. ते पथक येईल तेव्हा मुलाला घरी ठेवू नये, एवढं तरी नक्की करता येतं.

सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात नवव्या महिन्याच्या लसींनंतरच्या पुढच्या लसी सोळाव्या महिन्यानंतर येतात. मधल्या त्या मोकळ्या काळात पहिला वाढदिवस असतो. तेव्हा एकदा दंतवैद्याकडे जाऊन यावं, आणि घरी ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी कायमची बंद करावी. नाहीतर दवाखान्याचा उंबरठा ओलांडण्याआधीच भीती घरात शिकवून झालेली असते.