न जळणारे वस्त्र

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच नावाचे एक प्राचीन गाव आहे. हिरण्यकशिपूची राजधानी ती हीच आणि पहिली होळी पेटली तीही येथेच, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. होलिकेपाशी अग्नीपासून रक्षण करणारे एक वस्त्र होते. ते पांघरून, प्रल्हादाला मांडीवर घेऊन ती चितेवर बसली. पण वारा सुटला, वस्त्र उडून प्रल्हादाच्या अंगावर पडले आणि तो वाचला, असे या कथेच्या एका पाठात सांगतात. कथेतील भक्तीचा महिमा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यात व्यवहाराचीही एक शिकवण आहे : वस्त्र ज्याच्या अंगावर असेल त्याचेच ते रक्षण करते.

रसायनशाळेत या शिकवणीचे मोल फार मोठे आहे. औषधांसारखे गुंतागुंतीचे रेणू घडविताना कार्बनचा एक अणू दुसऱ्याशी जोडावा लागतो. या कामी लिथियम धातूची कार्बनी संयुगे अतिशय उपयोगी पडतात. १९१७ साली विल्हेल्म श्लेंक आणि योहाना होल्ट्झ या जर्मन रसायनज्ञांनी ती प्रथम तयार केली. त्यांपैकी टर्शरी ब्युटिल लिथियम हे इतके तापट आहे की हवेचा स्पर्श होताच ते आपोआप पेट घेते. शिवाय ते पेंटेनमध्ये विरघळवून ठेवतात आणि पेंटेन हा द्रव स्वतःच अत्यंत ज्वालाग्राही आहे.

२९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तेवीस वर्षांची एक संशोधन साहाय्यक हे द्रावण प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये ओढून घेत होती. अचानक दट्ट्या नळीतून निसटला, द्रव सांडला आणि भडका उडाला. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. कृत्रिम धाग्याचा स्वेटर मात्र होता, आणि तो पेटला. अठरा दिवसांनी, १६ जानेवारी २००९ रोजी, तिचे निधन झाले. पुढे या प्रकरणी विद्यापीठावर आणि तेथील प्राध्यापकावर फौजदारी खटला भरण्यात आला.

असे अपघात टाळण्याचे मार्ग अवघड नाहीत. काम धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात करावे आणि जवळ दुसरा ज्वालाग्राही पदार्थ ठेवू नये. उपकरणे पूर्ण कोरडी करून त्यांत नायट्रोजन किंवा आरगॉन वायू भरावा. बाटली पकडीत घट्ट बसवावी. सुई सिरिंजला पक्की अडकलेली असावी आणि सिरिंज निम्म्याहून अधिक भरू नये. मोठे प्रमाण हवे असेल, तर दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या लांब पोकळ सुईतून वायूच्या दाबाने द्रव पलीकडे न्यावा. अग्निरोधक कोट, चष्मा व हातमोजे घालावेत, आणि एकट्याने हे काम कधीही करू नये. नवशिक्याने आधी साध्या द्रवावर हात बसवावा.

सांडलेले रसायन पेटल्यास त्यावर पाणी ओतू नये, कारण पाण्याशीही त्याची उग्र क्रिया होते. कोरडी वाळू किंवा योग्य कोरडी भुकटी टाकावी. माणसाचे कपडे पेटले असता मात्र त्याला विलंब न लावता आपत्कालीन फवाऱ्याखाली उभे करावे. तेथे भरपूर पाणी हाच उपाय होय.

माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९३३ साली सुरू झाली, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली. तेव्हापासून मराठी घरांतील किती तरी मुले-मुली या शास्त्राकडे वळली आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना रेणूंची नावे कळली नाहीत तरी चालेल. सुटीत घरी आलेल्या मुलीला त्यांनी एवढे अवश्य विचारावे : काम करताना कोट घालतेस ना, सोबत कोणी असते ना, आणि तो पाण्याचा फवारा कोठे आहे हे तुला ठाऊक आहे ना?