विभाजक न शोधता
170141183460469231731687303715884105727. ही 39 अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी हे 1876 मध्ये, कोणत्याही संगणकाविना दाखवून दिले. पुढची 75 वर्षे माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती.

शाळेत शिकवतात तसे वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भाग देऊन पाहायचे म्हटले, तर इथे वर्गमूळच 20 अंकी. सेकंदाला एक भागाकार केला तरी 41 हजार कोटी वर्षे लागतील. ल्यूकांनी त्या वाटेला न जाता संख्येच्या घडणीचा फायदा घेतला. 2 चा 127 वा घात घ्या, त्यातून 1 वजा करा, की ही संख्या मिळते. अशा संख्या मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंच्या नावाने ओळखल्या जातात.

ल्यूकांच्या कसोटीला आजचे सुटसुटीत रूप 1930 च्या दशकात डेरिक लेहमर यांनी दिले. 2 चा सातवा घात वजा 1, म्हणजे 127, घेऊन ती करून पाहता येते. सुरुवात 4 पासून. वर्ग करायचा, 2 वजा करायचे, 127 ने भागून बाकी ठेवायची आणि त्या बाकीवर पुन्हा तेच. 4 वरून 14, मग 67, 42, 111 आणि पाचव्या खेपेला 0. घातापेक्षा दोनने कमी खेपा झाल्यावर शून्य आले, की संख्या मूळ. शून्य नाही आले, तर नाही. 39 अंकी संख्येसाठी अशा 125 खेपा पुरतात.

त्यातही एक सोय आहे. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने 127 एक. त्यामुळे बाकी काढताना भागाकार करावाच लागत नाही. 127 स्थानांच्या पलीकडे गेलेले अंक उचलायचे आणि पुन्हा पहिल्या स्थानापासून मिळवायचे. संगणकांना हे गणित इतके मानवते ते त्यामुळेच.

मर्सेन यांनी 1644 च्या आपल्या यादीत 67 हा घातही मूळ संख्या देणारा म्हणून धरला होता. 1876 मध्येच ल्यूकांनी तो दावा खोडून काढला. पण ती संख्या कशाने भागली जाते, हे त्यांनाही सांगता आले नाही. फ्रँक कोल यांनी ते 1903 मध्ये मांडले: 193707721 गुणिले 761838257287. विभाजक एकही हाती नसताना संख्या मूळ नाही असे खात्रीने म्हणता येते, ही या कसोटीची खरी कमाल.

घात 127 चा विक्रम 1951 मध्ये मोडला. 1952 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकाने हीच कसोटी वापरून 521 हा घात शोधला.

एक प्रश्न मात्र तसाच आहे. 2 वरून 3, 3 वरून 7, 7 वरून 127 आणि 127 वरून ही 39 अंकी संख्या: दरवेळी आधीची संख्या घात म्हणून घेतली आणि दरवेळी मूळ संख्याच मिळाली. ही साखळी कातालाँ यांनी 1876 मध्येच मांडली. तिची पुढची कडी मूळ आहे का? तिथे वर्ग करण्याच्या खेपाच 39 अंकी होतात, म्हणून ल्यूकांची कसोटी निरुपयोगी ठरते. तिचा एखादा विभाजक शोधणे एवढेच हाती राहते, आणि तो अजून कुणाला सापडलेला नाही.