सायकलवरून नगरदर्शन : पुण्याच्या पेठांतील एक फेरी

एखादे मोठे शहर पाहावयाचे म्हणजे काय करावयाचे, या प्रश्नाचे ठराविक उत्तर प्रवाशांना ठाऊक असते. सकाळी बसमध्ये बसावे, खिडकीतून दिसेल तेवढे पाहावे, पाच-सात ठिकाणी उतरावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सायंकाळी परतावे. अशा सहलीत स्थळे पाहिली जातात. परंतु एका स्थळापासून दुसऱ्या स्थळापर्यंतचे शहर मात्र न पाहताच मागे पडते. पायी हिंडणाऱ्याला ते दिसते खरे, पण त्याचा पल्ला मर्यादित राहतो. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे सायकल. माणूस ताशी चार-पाच किलोमीटर चालतो. सायकलवरून रमतगमत जाणारा त्याच वेळात दहा-बारा किलोमीटर अंतर काटतो, आणि तरीही त्याला दारावरची पाटी वाचता येते, वाड्याच्या तुळईवरील कोरीवकाम न्याहाळता येते व वाटेल तेथे पाय टेकता येतो.

जाणत्या मार्गदर्शकासोबत सायकलवरून शहर पाहण्याची प्रथा जगातील अनेक नगरांत रुजली आहे. आपल्याकडेही मुंबई, दिल्ली यांसारख्या महानगरांत अशा फेऱ्या निघतात. पुण्याला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. एके काळी सायकलींचे शहर ही पुण्याची ओळख होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे निघालेले कामगार, कचेऱ्यांतील कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी व विद्यार्थिनी या सर्वांचे वाहन सायकल हेच होते. सायकलीला पितळी बिल्ला लावावा लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत, या आठवणी जुने पुणेकर आजही सांगतात. पुढे स्वयंचलित दुचाक्या आल्या आणि सायकल हळूहळू रस्त्याच्या कडेला सरकली. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने शहरासाठी सायकल आराखडा स्वीकारला. त्याच सुमारास भाड्याच्या सार्वजनिक सायकलीही रस्त्यांवर आल्या. परंतु हा उपक्रम फार काळ टिकू शकला नाही. रविवारच्या पहाटे मात्र पेठांतून अजूनही सायकलींच्या घंट्या ऐकू येतात.

निघण्यापूर्वी

अशाच एका रविवारी प्रस्तुत लेखक शनिवारवाड्यासमोरील पटांगणात सकाळी सहा वाजता हजर झाला. एकूण बाराजण जमले होते. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, नागपूरहून आलेले एक दांपत्य होते आणि महाविद्यालयातील चार विद्यार्थी होते. मार्गदर्शकांनी प्रथम इतिहासाचा शब्दही न काढता प्रत्येकाची सायकल तपासली. दोन्ही ब्रेक लागतात की नाही, चाकांत हवा पुरेशी आहे काय, घंटी वाजते काय, हे पाहिले. सीटची उंचीही बेतून दिली. पायडल सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहावा, एवढी ती असली म्हणजे पाय भरून येत नाहीत.

त्यानंतर नियम सांगण्यात आले. मार्गदर्शक सर्वांच्या पुढे राहतील व त्यांचा एक सहकारी सर्वांच्या मागे. या दोघांच्या दरम्यान सर्वांनी एकामागे एक, डाव्या बाजूने चालावयाचे. दोन सायकलींत निदान एका सायकलीइतके अंतर ठेवावयाचे. वळण्यापूर्वी हात दाखवावयाचा. एकदिशा मार्गावरून उलट जावयाचे नाही, मग वळसा पडला तरी चालेल. हेल्मेट सर्वांना सक्तीचे. या शिस्तीमुळे कित्येक वर्षांत सायकलला हात न लावलेल्या शिक्षिकाबाईंची भीडही दहा मिनिटांत चेपली.

पहाटेची वेळ ठेवण्यामागेही हेच कारण आहे. आठ-साडेआठनंतर पेठांतील अरुंद रस्ते वाहनांनी भरून जातात. त्यापूर्वीच्या दोन-अडीच तासांत दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात आणि एरवी माल व पाट्या यांच्याआड दडलेले वाड्यांचे दर्शनी भाग मोकळे दिसतात.

वाडा, पाणी आणि पेठा

फेरीचा आरंभ शनिवारवाड्यापासून झाला. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० मध्ये या वाड्याचा पाया घातला व १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. उरले ते तट, बुरूज आणि दरवाजे. उत्तराभिमुख दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरील टोकदार खिळे हत्तींची धडक थोपविण्यासाठी आहेत, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु या वाड्यात पाणी कोठून येत असे, हा मार्गदर्शकांचा प्रश्न ऐकून सारे गप्प झाले.

हे पाणी येत असे कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरात आणण्यात आले. नळाच्या वाटेवर जागोजाग उच्छ्वास ठेवलेले होते. कोणतेही यंत्र नसता, केवळ उताराच्या आधाराने हे पाणी कित्येक किलोमीटर वाहत येई. शहरात ठिकठिकाणी हौद बांधून ते नागरिकांसाठी सोडले जाई. कात्रजकडून शहराकडे सायकलने येणाऱ्याला हा उतार आजही आपल्या पायांना जाणवतो. पेशवेकालीन कारागिरांचा हिशेब समजावून घेण्यास मोटारीपेक्षा सायकल अधिक उपयोगी पडते ती अशी.

तेथून लाल महाल व कसबा गणपती ही स्थळे अगदी जवळ आहेत. शिवरायांचे बालपण जेथे गेले तो मूळ लाल महाल काळाच्या ओघात नष्ट झाला. आजची वास्तू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेली आहे. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती होय. तिच्याभोवती पुढे वारांच्या नावांच्या पेठा वसल्या, आणि सदाशिव, नारायण, नाना या पेठांनी पेशवाईतील व्यक्तींची नावे जतन केली. सायकलवरून एका पेठेतून दुसरीत जाताना रस्त्याची रुंदी, घरांची उंची आणि व्यवसायांच्या पाट्या कशा पालटत जातात, ते सहज ध्यानी येते.

रिकामी जागा

बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर मार्गदर्शकांनी शिटी वाजवून सर्वांना थांबविले. मंदिराकडे पाहणाऱ्यांना त्यांनी मागे वळण्यास सांगितले. ती भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा येथेच सुरू केली. जीर्ण झालेला हा वाडा दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, आणि राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत प्रस्तुत लेखक पुण्यात बी. ए. चे शिक्षण घेत होता. तीन वर्षे तो रोज सायकलने या वाड्यावरून जात असे. तेव्हा वाडा उभा होता. खाली दुकाने होती, वर मोडकळीस आलेला मजला होता. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर परीक्षेत उत्तरे लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याची नजर एकदाही त्या मजल्याकडे गेली नाही. सायकलचा वेग योग्य होता, रस्ताही तोच होता. “येथे थांब आणि वर पाहा” असे सांगणारे मात्र कोणी नव्हते. आज सांगणारे भेटले, तेव्हा वाडा नव्हता. नेमक्या त्याच क्षणी शिक्षिकाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “मीही इथूनच भाजीला जात होते हो.” पुढे कोणी काही बोलले नाही. सायकली पुन्हा निघाल्या.

मंडईपासून फुले वाड्यापर्यंत

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या विश्रामबाग वाड्याचा लाकडी कोरीव दर्शनी भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात विशेष खुलून दिसतो. पेशवाई संपल्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. तेथून तुळशीबागेतील राममंदिरावरून मंडईकडे जाता येते. मध्यभागी अष्टकोनी मनोरा व भोवती पसरलेले पंख अशी या दगडी मंडईची रचना आहे. १८८६ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांवरून तिला रे मार्केट असे नाव होते. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. यात एक विशेष आहे. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी याच मंडईवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते.

फेरीचा शेवट फुले वाड्यात झाला. पूर्वीची गंज पेठ आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. येथील साध्या, बैठ्या घराच्या आवारातील पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. सकाळी शनिवारवाड्यासमोर ऐकलेली कात्रजच्या पाण्याची हकीकत येथे पूर्ण झाली. शहरात पाणी आणणे हे एक काम. ते सर्वांना मिळवून देणे हे दुसरे, आणि त्याहून अवघड. या दोन स्थळांमध्ये सायकलने जेमतेम पंधरा मिनिटांचे अंतर आहे. बसमधून पाहिलेल्या स्थळांचा एकमेकांशी असा धागा क्वचितच जुळतो.

वाटेतील सर्व थांबे धरून फेरीला अडीच तास लागले. कापलेले अंतर सात-आठ किलोमीटरांहून अधिक नसेल. ज्यांना उत्साह आहे, त्यांना दुसऱ्या रविवारी नारायण पेठेतील केसरीवाडा पाहून नदीपलीकडच्या पाताळेश्वराच्या प्राचीन लेण्यापर्यंत जाता येईल.

इतर शहरांसाठी

अशा फेरीला मोठे भांडवल लागत नाही. स्थानिक इतिहासाचा जाणकार, वाहतुकीचे नियम पाळणारे दोन स्वयंसेवक, सुस्थितीतील दहा-बारा सायकली आणि आधी स्वतः हिंडून आखलेला मार्ग एवढे असले म्हणजे पुरे. सोबत पंक्चर काढण्याचे साहित्य, हवा भरण्याचा पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचे पाणी अवश्य असावे. एका गटात पंधराहून अधिक माणसे घेऊ नयेत. अन्यथा मागच्यांना पुढच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि चौकात रांग तुटते. नाशिकचा गोदाकाठ, कोल्हापूरचा भवानी मंडप व रंकाळा, छत्रपती संभाजीनगरचे जुने दरवाजे व पाणचक्की ही सारी स्थळे सायकलच्या टप्प्यातील आहेत. महाविद्यालये, ग्रंथालये व नगरपालिका यांनी मनावर घेतले, तर महिन्यातून एक रविवार यासाठी सहज काढता येईल.

वास्तू जतन करण्यासाठी कायदे आहेत, निधी आहे, तज्ज्ञ आहेत. परंतु ज्या वास्तूकडे रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांचीच नजर वळत नाही, तिच्यासाठी आवाज उठविणार कोण? आपल्या गावातील कोणता वाडा, कोणता हौद, कोणती शाळा आज उभी आहे आणि उद्या नसेल, हे ठाऊक होण्यासाठी प्रथम तेथे थांबावे लागते. येत्या रविवारी घरातील जुनी सायकल बाहेर काढावी, चाकांत हवा भरावी आणि जाणत्या माणसास सोबत घेऊन आपल्याच गावाच्या फेरीस निघावे.